अनुभव धागा: पोटाच्या ऑपरेशननंतर पातळ खाण्याचे दिवस

ठाणेकरीण
दसऱ्यासाठी चांदीची भांडी घासायला काढली, त्यात लेकाचं बोंडलं निघालं. पाच वर्षांपूर्वीचं सगळं आठवलं. माझी वजन कमी करायची स्लीव्ह सर्जरी झाली होती, जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढलेला. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, पंधरा मिनिटांत ३० मिली, तेही घोट घोट. एवढं इवलं भांडं घरात कुठलं? सासूबाईंनी हे आणून हातात दिलं. "नातू यातून पिऊन मोठा झाला, आता तू पी."

पहिले दोन दिवस पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप. मग दोन आठवडे सगळं पातळ. मी आपली वरणाचं वरचं पाणी पीत होते, वाटायचं प्रोटीन जातंय पोटात. ते तर खाली डाळीतच राहायचं! मला दिवसाला निदान ६० ग्रॅम हवं होतं. अर्धा लिटर दुधातून मिळतं साधारण १६. म्हणून साय काढलेल्या दुधात बिनसाखरेची प्रोटीन पावडर, दुपारी ताक, संध्याकाळी मुगाचं कढण. सासूबाई मूग अगदी मऊ शिजवून, घोटून, फडक्यातून गाळायच्या. मीठ, जिरेपूड, बस. फोडणी नाही. शेजारी फोडणी पडली तरी मला मळमळायचं, खिडकी लावून घ्यायचे.

तुम्ही काय काय प्यायलात? लिहा, पुढे कुणाच्या तरी कामी येईल.

मालवणचा_वारा
पेज! आईने लगेच उकड्या तांदळाची केली. पोटाला बरी वाटली, पण नुसत्या पेजेवर राहिलो तर प्रोटीन मिळणार नाही म्हणाले. मग चिकनचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी वर गोठलेली चरबी काढायची, गाळायचं, गरम करायचं. सोलकढी मागितली तर नारळाचं दूध जड पडेल म्हणून नुसतं कोकमाचं पाणी मिळालं. तेही अमृत वाटलं हो.

दोन_पिशव्या
ताई मुगाची सालं काढायची की सालीसकट?? कुकर लावतेय, यांचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला

ठाणेकरीण
सालं नको गं. पिवळी मूगडाळ घे सरळ. हिंग चिमूटभर चालतो.

रात्रपाळी
माझं वजनासाठीचं पोटाचं बायपास. नवव्या दिवशी पाहुण्यांनी मोसंबीचा रस आणला, साखर घातलेला. दोनच घोट. अर्ध्या तासात धडधड, दरदरून घाम, पोटात मुरडा, आडवाच झालो. डम्पिंग म्हणतात याला. उसाचा रस, सरबतं, सोडा काही नको. स्ट्रॉसुद्धा नको, हवा जाते पोटात.

संत्रानगरी
बोंडलं बघून जीव हळवा झाला. आमचं बहिणीकडे गेलं, तिच्या नातीपर्यंत पोचलं. चांदी कशाने घासता तुम्ही? आम्ही रांगोळीने.

ठाणेकरीण
आम्ही पण रांगोळीनेच!

अबोली२
एक सांगायचंच आहे. भावाला ऑपरेशननंतर तीन आठवडे रोज उलट्या. "होतं असं सुरुवातीला" म्हणून आम्ही घरीच थांबलो. मग चालताना तोल जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले. बी१ जीवनसत्त्व संपत आलं होतं, शिरेतून द्यावं लागलं. आता बरा आहे. पण कुणाच्या पोटात पाणीही टिकत नसेल तर कृपा करून त्याच दिवशी दवाखान्यात जा.

दोन_पिशव्या
बापरे. यांना उलटी नाही, फक्त चिडचिड फार

रात्रपाळी
भूक नसते पण चावायला काहीतरी हवं असतं. माझीही व्हायची. प्युरी सुरू झाली की निवळते, धीर धरा वहिनी.

गुरुवारची_वाट
माझी येत्या गुरुवारी. लिव्हर लहान व्हावं म्हणून दोन आठवडे आधीपासूनच पातळ चालू आहे. आज घरात कांदाभजी झाली, बाथरूममध्ये जाऊन रडले.

अबोली२
रड गं. मोकळी हो. गुरुवारी तुझी आठवण काढीन.

गुरुवारची_वाट
🙏 आमच्याकडे बोंडलं नाहीये. औषधाच्या बाटलीचं झाकण चालेल का?

ठाणेकरीण
चालेल की. आतली रेघ बघ, १० मिलीची असली तर पंधरा मिनिटांत तीन झाकणं. एकदम नाही हं, मध्ये थांबत थांबत.