जपान: आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच जातेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
नोव्हेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन जपानला जायचं ठरतंय, तिघांपैकी कुणीच आधी गेलेलं नाही. टोकियोत उतरायचं, मग क्योटो, तिथून एक दिवस ओकायामा, परतीचं विमान ओसाकाहून. ओकायामा कुठून आलं म्हणाल तर बाबा रोज सकाळी सिंहगड रोडच्या पुलं उद्यानात फिरायला जातात, आणि ती बाग ज्या बागेवरून बनवलीये ती कोराकुएन ओकायामात आहे, ती बघायचीच असं त्यांनी जाहीर केलंय, फुजी नाही दिसला तरी चालेल म्हणे.

खरी काळजी आईची आहे. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. खाकरे, मेतकूट, कपातले इन्स्टंट पोहे नेणारच आहे पण रोज रोज तेच कसं खाणार? दुसरं म्हणजे तो जेआर पास (ठरावीक दिवस जपानच्या जेआर रेल्वेने हवं तितकं फिरायचा पास) घ्यावा का, अर्धे लोक घ्याच म्हणतात अर्धे नकोच म्हणतात. आणि बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नेताना काही कागद लागतात का? मोठ्या बॅगा घेऊन बुलेट ट्रेनमध्ये चढणं या वयात जमेल का तेही सांगा. टूर कंपनीसोबत जा असं कृपया सांगू नका, पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर ठेवा हे दोघांनाही झेपत नाही.

चहाबाज:
पास अजिबात नको. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० झाला. तुमचं टोकियो-क्योटो साधारण १४,००० येन, त्यात ओकायामाला जाऊन ओसाकाला उतरणं धरलं तरी माणशी तीस हजारांच्या आसपासच जाल. सुटी तिकिटं काढा, शहरात फिरायला सुइका नावाचं प्रीपेड कार्ड घ्या, मेट्रो, बस, दुकान सगळीकडे टेकवलं की झालं.
बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर टोकियो-क्योटो गाडीत बॅगेच्या जागेसकट सीट आधी बुक करावी लागते. पण कशाला ओढताय, हॉटेलच्या काउंटरवर ताक्क्युबिन (बॅगा पोचवणारं कुरिअर) म्हणून सांगा, बॅगा बहुतेक दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात. एका रात्रीचे कपडे आणि गोळ्या मात्र जवळ ठेवा.

टोकियोकर:
जेवणाचं नीट समजून घ्या ताई, इथे भल्याभल्यांची फसगत होते. मांस दिसत नाही म्हणजे शाकाहारी असं नाही, कारण दाशी. वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी, ते मिसो सूपात, उडोन नूडल्सच्या रश्श्यात, भाजीवरच्या सॉसमध्येसुद्धा असतं. वेटर प्रामाणिकपणे 'मांस नाही' म्हणेल आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. त्यामुळे मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही असं जपानीत छापून घ्या आणि ऑर्डर करायच्या आधी दाखवा. टोकियोत निशिकासाईला भारतीय वस्ती मोठी आहे, डाळ-भाताची आठवण आली की तिकडे.
आणि वेळ असेल तर ओसाकाहून एक रात्र कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावाला, जाच. नानकाई लाइनने डोंगराच्या पायथ्याशी, मग केबल कार. तिथे देवळातच राहता येतं आणि भिक्षूंचं शोजिन र्‍योरी जेवण असतं, मांसमासे नाहीतच, कांदालसूणपण नाही. आईंना पूर्ण ताट बिनधास्त खाता येईल असं जपानी जेवण मला तरी दुसरीकडे सहज मिळालेलं नाही. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळाही आहे. थंडी मात्र कडक, उंची ८०० मीटरच्या आसपास आहे.
गोळ्या: एक महिन्यापुरत्या असतील तर वेगळी परवानगी लागत नाही. मूळ पाकिटातच न्या, सोबत प्रिस्क्रिप्शन ठेवा. पण सर्दीच्या गोळ्या उगाच भरू नका, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध आत नेताच येत नाही. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार! पास रद्द. दाशीचं ऐकून आईने मेतकुटाची डबी मोठी केलीये. कोयासान तिला एकदम पटलंय, फक्त देवळात जमिनीवर गाद्या असतात ना? बाबांचे गुडघे खाली बसूच देत नाहीत. पलंग आणि जेवायला खुर्ची देणारं एखादं देऊळ कुणी पाहिलंय का?