विषय: अर्जंट: सई नागपूरला होती, चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं का?

प्रेषक: वैशाली (सध्या नागपूर)

नमस्कार मंडळी, रिटर्नची १५ एप्रिल तोंडावर आलीय म्हणून सरळ विचारते. मी धाकटीला घेऊन प्रतापनगरला आईकडे आहे आणि नवरा, प्रशांत, तिकडे अमेरिकेत रिटर्न भरतोय. सगळं झालं, पण चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या (मुलामागे करात मिळणारी सूट) एका प्रश्नाशी अडलंय: २०२५ मध्ये मूल तुमच्याकडे किती महिने राहिलं? धाकटीच्या वेळी मला बेडरेस्ट सांगितली तेव्हा आई जूनमध्ये थोरल्या सईला इकडे घेऊन आली ते तुम्हाला माहीतच आहे. ती अजून इथेच आहे, महिनाअखेरीला दोघींना घेऊन मी परत येतेय. प्रशांतने ५ महिने टाकले तर सॉफ्टवेअरने तिचे २,२०० डॉलर काढून टाकले आणि त्याऐवजी ५०० चं छोटं क्रेडिट दाखवलं. धाकटीचे २,२०० व्यवस्थित दिसतायत, ती तर नोव्हेंबरची! आता ५ ठेवायचं की १२ टाकायचं? शिवाय मी एच-४ वर (नवऱ्यामुळे मिळालेला व्हिसा), माझा एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, आयटिन (फक्त करासाठीचा नंबर) आहे, त्याने काही अडतं का?

---

प्रेषक: मंदार

वैशाली, सईचा जन्म अमेरिकेतलाच, एसएसएन आहे, १७ च्या आतली आहे, मग विचार कसला करतेस? १२ टाक. आमचा ओम दर उन्हाळ्यात अकोल्याला असतो, आम्ही दरवर्षी घेतो, कधी कोणी विचारलं नाही.

---

प्रेषक: सुनीता

मंदार, कोणी विचारलं नाही म्हणजे बरोबर आहे असं होत नाही. उन्हाळ्याची सुट्टी वेगळी, जून ते डिसेंबर वेगळं. अशी उत्तरं लिस्टवर गेली की लोक तसंच भरतात आणि मग आयआरएस या इथल्या करखात्याचं पत्र आलं की मला फोन करतात. जानेवारीच्या टॅक्स वर्कशॉपमध्ये हा भाग मी नीट घेतला होता, तेव्हा निम्मे लोक तिळगुळाच्या टेबलाशी होते.

वैशाली, अट अशी की मूल वर्षातला अर्ध्यापेक्षा जास्त काळ तुझ्या घरी राहिलेलं हवं. पण तात्पुरती गैरहजेरी घरातच धरतात. आयआरएसच्या पब्लिकेशन ५०१ मध्ये आजारपण, शिक्षण, नोकरीधंदा, सुट्टी, लष्करी सेवा अशी कारणं दिलीयत. मूल परत येणार हे उघड असायला हवं आणि तुमचं घर तिच्यासाठी चालू असायला हवं. आजारपण मुलाचंच असायला हवं असं नाही, गैरहजेरीचं कारण तुझं आजारपण असलं तरी ते धरता येतं असं माझं मत आहे. त्यामुळे तुझी बाजू मला भक्कम वाटते, पण कागद हवेत.

धाकटीचं म्हणशील तर वर्षात जन्मलेलं मूल जन्मापासून तुमच्याकडे असेल तर पूर्ण वर्षाचं धरतात, ३१ डिसेंबरला रात्री जन्मलं तरी. आयटिनने अडत नाही. जुलै २०२५ मध्ये नवा कायदा आला, त्यात रक्कम २,००० वरून २,२०० झाली आणि जॉइंट रिटर्नमध्ये नवराबायकोपैकी एकाचा कामासाठी चालणारा एसएसएन पुरतो. प्रशांतचा आहेच. मुलांचा मात्र प्रत्येकाचा हवा.

---

प्रेषक: राहुल

मुलांच्या एसएसएनवरून आठवलं, आमचा आर्यन नागपूरलाच जन्मला, त्याचा आयटिन आहे, म्हणून आम्हाला फक्त ५०० चं क्रेडिट मिळतं. आता धाकट्याचा डब्ल्यू-७ (आयटिनचा अर्ज) भरायचाय आणि त्याच्या पासपोर्टवर अमेरिकेत आल्याचा शिक्काच नाहीये. नुसता पासपोर्ट चालेल का?

---

प्रेषक: सुनीता

राहुल, डिपेंडंटसाठी (तुमच्यावर अवलंबून असलेल्यासाठी) नुसता नाही चालणार, प्रवेशाची तारीख नसेल तर आणखी कागद लागतो. सहाच्या आतल्या मुलाला इथल्या डॉक्टरांचं मेडिकल रेकॉर्ड, शाळेत जात असेल तर शाळेचं. कृपया वेगळी मेल टाक, वैशालीचा प्रश्न बाजूला पडतोय.

---

प्रेषक: मंदार

ताई, मग माझा मुद्दा ऐका. बेडरेस्ट नोव्हेंबरला संपली नं? सई एप्रिलपर्यंत नागपूरलाच आहे. डिसेंबरपासून पुढचं आजारपण कसं म्हणणार?

---

प्रेषक: अभय काका (लक्ष्मीनगर, नागपूर)

मंदार, हिशेब मांडून बघ ना बाप्पा. २०२५ चंच वर्ष बघायचंय. जानेवारी ते मे पोरगी घरी होती, जून ते नोव्हेंबर आईच्या आजारपणापायी इकडे. हे दोन्ही मिळून ११ महिने होतात. डिसेंबर सोडून दिला तरी अर्ध्याच्या कितीतरी पुढे गेलो. काहून त्या एका महिन्यापायी पोरीला भीती घालता?

मी आयकर खात्यात जन्म काढला, निवृत्तीनंतर इथंच स्थायिक झालो. तिकडचा कायदा सुनीताताईंचाच, मी त्यात पडत नाही. आपल्याकडे मुलापोटी असं थेट क्रेडिट नाहीच. जुन्या करपद्धतीत दोन मुलांची शाळेची फी वजावटीत बसते, तीही बाकी सगळ्यासकट दीड लाखाच्या मर्यादेत. पण कोणत्याही देशातला असेसिंग ऑफिसर आधी कागद मागतो. वैशाली, सईला इथं ज्या डॉक्टरांकडे नेता त्यांच्याकडून लेटरहेडवर लिहून घे: कधीपासून येते, कोणासोबत येते. तिकडच्या डॉक्टरांचा बेडरेस्टचा कागद, सईचं विमानाचं तिकीट, सगळं एका फाइलला लाव.

---

प्रेषक: केतकी

या सगळ्यात पडण्यापेक्षा आजीलाच इथे बोलवायचं आणि तिला पैसे देऊन डिपेंडंट केअर क्रेडिट (मुलं सांभाळायच्या खर्चावरचं) घ्यायचं, असं आमच्या ऑफिसमधली एकजण म्हणत होती. ते जास्त सोपं नाही का?

---

प्रेषक: सुनीता

केतकी, नाही, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. आजी व्हिजिटर व्हिसावर येते, त्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. रिटर्नवर तिचं नाव लिहिणं म्हणजे आपल्याच आईला अडचणीत टाकणं. आणि ते क्रेडिट वेगळंच आहे, फॉर्म २४४१ चं. मूल १३ च्या आतलं, नवराबायको दोघंही नोकरीत किंवा शोधात. एका मुलाचा जास्तीत जास्त ३,००० डॉलर खर्च धरतात, २०२५ साठी आपल्यासारख्यांना त्याच्या २० टक्के, म्हणजे ६०० डॉलर. वैशाली नोकरी करत नाही, तिला लागूच नाही.

---

प्रेषक: वैशाली

अभय काका, डॉक्टरांकडे उद्याच जाते. सईला इथे तीन लसी दिल्या, त्या कार्डावर तारखा आणि दवाखान्याचा शिक्का आहे, ते चालेल ना? आणि एक विचारायचंच राहिलं. बाबांनी सईच्या खर्चाचा एक रुपया आमच्याकडून घेतला नाही. दूध, डॉक्टर, सांभाळायला येणाऱ्या मावशी, सगळं त्यांच्या पेन्शनमधून. प्रशांतने पैसे पाठवले तर बाबांनी तिच्या नावाने पोस्टात टाकले! याचा काही फरक पडतो का?

---

प्रेषक: सुनीता

बरं झालं विचारलंस, ५०० की २,२०० चा खरा फरक इथेच आहे. २,२०० साठी बघतात की मुलाने स्वतःच्या खर्चाचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग स्वतः उचलला का. दोन वर्षांची पोर काय उचलणार, आजोबांनी केला तरी हरकत नाही. मात्र राहण्याची अट पुरी झाली नाही आणि ५०० वर आलीस, तर अर्ध्याहून जास्त खर्च तुम्हीच केलेला लागतो. म्हणून सॉफ्टवेअरने दाखवलेले ५०० सुरक्षित आहेत असं समजू नकोस, पाच महिन्यांचा इथला खर्च आणि सात महिन्यांचा तिथला मांडून बघावा लागेल.

१२ टाकायचं तर कागद हातात घेऊन टाक. क्रेडिट नाकारलं तर पुढच्या वेळी ते परत मागताना फॉर्म ८८६२ भरावा लागतो, आणि बेफिकिरीने घेतलं असं ठरलं तर दोन वर्षं बंदी. फसवणूक ठरली तर दहा. घाई नको. प्रशांतला मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरायला सांग, १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. टॅक्स देणं निघत असेल तर ते मात्र १५ एप्रिललाच भरायचं.

---

प्रेषक: अभय काका

लसीचं कार्ड चालेल पण सोबत पत्र घेच. पत्र इंग्रजीत, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असलेलं. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ऊन सोसवत नाही, धाकटीला तर मुळीच नेऊ नको. आणि बाबांना माझा नमस्कार सांग, पोस्टातल्या पासबुकाचीही झेरॉक्स काढून ठेव. पैसे तुम्ही पाठवत होता हे त्यात दिसतं.

---

प्रेषक: वैशाली

ताई, काका, खूप आधार वाटला. प्रशांतने काल रात्री ४८६८ भरला, आमचं देणं काही निघत नाही. पत्र मिळालं की १२ टाकून रिटर्न भरतो, फाइलची एक कॉपी तिकडे, एक इथे आईकडे. आता दुसरं काम: आमच्याकडे सईची एकच कारसीट आहे. एअरपोर्टवरून येताना महिनाअखेरीला दोन लागतील, इन्फंटची कोणाकडे पडून असेल तर प्रशांत येऊन घेऊन जाईल.