मदत हवी आहे: 'जंक्शन' आणि आपलं 'जू' एकाच घरचे का?

राम राम मंडळी, भाषेतल्या जाणकारांनी जरा मदत करा. पोरीला 27 फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाला शाळेत बोलायचंय, विषय तिनेच निवडला, भुसावळ जंक्शन, जळगाव जंक्शन म्हणतो त्यातला जंक्शन शब्द आला कुठून. डिक्शनरीत बघितलं तर लॅटिनमधल्या 'युंगेरे' म्हणजे जोडणे, जुंपणे यावरून आलाय, जॉइनपण त्यातूनच पण फ्रेंचमार्गे, आणि संस्कृतचा 'युज्' धातू, त्यावरचे योग, युक्त, हे सगळे एकाच मुळाचे. इंग्रजीतला 'योक' म्हणजे बैलाच्या मानेवरचं जूच, तोही त्यातलाच! हे वाचून खरंच भारी वाटलं, कारण घरी जू अजून आहे, दोन्ही टोकांच्या शिवळा, म्हणजे जूत बसवलेल्या खुंट्या, घासून गुळगुळीत झाल्यात, पोरगी तेच शाळेत न्यायचं म्हणतेय.

आता अडलंय ते असं, जू संस्कृत 'युग'वरून आलं हे पटतं, पण 'जोडणे' आणि 'जुंपणे' पण याच मुळाचे धरायचे की वेगळे? व्युत्पत्तिकोश असेल त्यांनी त्या पानाचा फोटो टाकला तर फार बरं होईल. आणि धुळे, नंदुरबारकडच्या लोकांनी अहिराणीत जूला नि त्याच्या भागांना काय म्हणता तेपण सांगा, तिला ते शब्दसुद्धा घ्यायचेत.