रोज बसतोय पण मन काही बसत नाही, ध्यानात पुढे सरकतोय की नुसतीच मांडी घालतोय?

अर्धी_मांडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस रोमात होतो (म्हणजे नुसताच वाचत होतो), हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

साधारण ८ महिने झाले, रोज सकाळी २० मिनिटं बसतोय. पद्धत साधीच, डोळे मिटायचे आणि श्वास येतोय जातोय तिकडे लक्ष ठेवायचं. पहिले दोन महिने काय भारी गेले म्हणून सांगू, उठल्यावर एकदम हलकं वाटायचं, एकदा तर भुवयांच्या मध्ये निळसर उजेड दिसला आणि पुढचे दोन दिवस मी हवेतच होतो. मग ते सगळं बंद झालं. आता बसलं की तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन जे सटकतं ते थेट टायमर वाजल्यावर सापडतं. परवा तर हद्द झाली, टायमर वाजला तेव्हा कळलं की अख्खी २० मिनिटं मी तीन वर्षांपूर्वीचं एक भांडण पुन्हा भांडत होतो, आणि या वेळी जिंकत होतो.

त्यात घरचे म्हणतात तू हल्ली जास्त चिडतोस. मी बसलेला असताना कोणी दार वाजवलं की माझं डोकंच सरकतं, हे खरंय. बायको म्हणाली, ध्यान केल्यावर माणूस शांत होतो असं ऐकलं होतं, आपल्याकडे तर बाकीच्यांनाच शांत बसावं लागतंय. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पतंजलींची योगसूत्रं वाचायला घेतली तर दुसऱ्याच सूत्राला अडकलो, योगश्चित्तवृत्तिनिरोधः. म्हणजे चित्ताच्या वृत्ती, मनात उठणारे विचार, थांबवायच्या ना? इथे तर एक थांबत नाही तोवर दुसरी हजर. मग माझं चुकतंय कुठे, पद्धत बदलू का, की हे आपल्याच्याने व्हायचं काम नाही? आणि आध्यात्मिक प्रगती होतेय हे ओळखायचं तरी कसं, त्याचं काही माप असतं का? कृपया "सोडून द्या सगळं" टाइप उत्तरं नकोत, सोडायचं कसं तेच कळत नाहीये.

जुनी_वही

धागा आवडला, विशेषतः भांडण जिंकल्याचा भाग. आम्हीपण जिंकलोय अशी बरीच.

आधी भाषेचं बघू, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. आपण हल्ली म्हणतो "मी ध्यान करतो". जुनी माणसं म्हणायची "ध्यान लागलं". झोप लागते, डोळा लागतो, तसं ध्यान लागतं. झोप कोणाला करता येते का? अंथरूण घालता येतं, दिवा मालवता येतो, आडवं होता येतं, पुढचं आपल्या हातात नाही. आणि झोप आली का झोप आली का म्हणून बघत राहिलं तर येणारी झोपही पळते. पतंजलींनी हेच नीट वेगळं करून ठेवलंय. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाचं (पाद म्हणजे प्रकरण) पहिलं सूत्र, देशबन्धश्चित्तस्य धारणा, म्हणजे चित्ताला एका जागी बांधणं. हे आपलं काम. लगेच पुढचं, तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्, तिथेच जाणिवेचा प्रवाह सलग वाहत राहिला की ते ध्यान. त्याला तेलाच्या धारेची उपमा देतात, मध्ये न तुटणारी. म्हणजे तुम्ही ८ महिने जे करताय ती धारणा आहे, आणि तीसुद्धा मधूनमधून सुटणारी. त्यात कमीपणा काही नाही, सगळे तिथेच असतात. फक्त धारणेच्या वर्गात बसून ध्यानाचा पेपर का सुटत नाही म्हणून स्वतःवर चिडू नका.

मन सटकतं ते सटकणारच. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो की मन चंचल आहे, वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, आणि श्रीकृष्ण त्याला तुझं चुकतंय म्हणत नाहीत, आधी मान्यच करतात की हो, कठीण आहे, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्याच्या थोडं आधी २६वा श्लोक आहे, यतो यतो निश्चरति, मन जिथून जिथून बाहेर पडेल तिथून तिथून परत आणावं. "जिथून जिथून" असं दोनदा म्हटलंय हो. एकदाच जाईल असं कोणी गृहीत धरलेलंच नाही. आणणं हाच व्यायाम. त्यामुळे २० मिनिटांत मन ४० वेळा गेलं आणि ४० वेळा आणलं तर तुमची बैठक उत्तम झाली. परवा एकदाच गेलं आणि आणलंच नाही, तो दिवस वाईट. पण टायमरला का होईना कळलं ना.

आता गंमत बघा. योगसूत्रांच्या पहिल्याच पादात ३०वं सूत्र आहे, साधनेतल्या नऊ अडथळ्यांचं. व्याधी, स्त्यान म्हणजे मनाचा जडपणा, संशय, प्रमाद म्हणजे बेफिकिरी, आळस, अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणं, भ्रांतिदर्शन म्हणजे चुकीचं ज्ञान, मग अलब्धभूमिकत्व म्हणजे पायरी गाठताच न येणं, आणि शेवटचा अनवस्थितत्व, गाठलेली पायरी टिकत नाही. तुमचे पहिले दोन महिने आणि नंतरचे सहा महिने या शेवटच्या शब्दात मावतात. आणि ३१व्या सूत्रात या अडथळ्यांबरोबर काय काय येतं ते दिलंय, त्यात दौर्मनस्य आहे. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्याचा अर्थ दिलाय, इच्छा अडली की चित्ताचा होणारा क्षोभ. म्हणजे ते दार वाजणं. तुमचा सगळा रिपोर्ट आधीच लिहून ठेवलाय.

रोखठोक

वहीताईंनी गोड शब्दात सांगितलं, मी जरा कडू सांगतो, राग मानू नको भावा.

राग वरून आठवलं, योगसूत्रांत मनाला त्रास देणारे पाच क्लेश सांगितलेत, त्यांमध्ये राग आहे, पण संस्कृतातला राग म्हणजे संताप नव्हे, ओढ. सुखानुशयी रागः, आधी भोगलेल्या सुखामागे जाणारी ओढ. मराठीतला राग वेगळा. तुझ्याकडे दोन्ही आहेत आणि पहिल्याच्या पोटातून दुसरा आलाय. पहिल्या दोन महिन्यांची चव लागली, तो निळा उजेड परत हवा आहे, म्हणून २० मिनिटं "माझी" झाली, आणि माझं म्हटलं की दार वाजवणारा चोर वाटायला लागतो. गीतेत दुसऱ्या अध्यायात हीच साखळी आहे, संगातून म्हणजे आसक्तीतून काम म्हणजे इच्छा, आणि कामातून क्रोध.

उजेडाचं म्हणशील तर डोळे मिटल्यावर रंग, ठिपके, उजेड दिसणं अगदी नॉर्मल आहे, डोळे जरा दाबून मिटले तरी दिसतं. खरंच काही वेगळं असेल तरी त्याला धरून बसायचं नाही, कारण विभूतिपादात, म्हणजे त्याच तिसऱ्या पादात, सिद्धींबद्दलसुद्धा स्पष्ट म्हटलंय की समाधीच्या वाटेवर या अडथळा आहेत. सिद्धी अडथळा असेल तर तुझ्या निळ्या लाइटचं काय घेऊन बसलास?

दुसरं म्हणजे अष्टांगात, योगाच्या आठ अंगांत, ध्यान सातवं आहे. आधी यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा. आपण सगळे बालवाडी चुकवून डायरेक्ट सातवीत ॲडमिशन घेतो आणि मग गणित जमत नाही म्हणून मास्तर बदलतो. यमातलं पहिलं अहिंसा, दुसरं सत्य. ते भांडण तीन वर्षांनी अजून चालू आहे कारण ते श्वास बघून मिटणाऱ्यातलं नाही, ते त्या माणसाला फोन करून मिटेल. दिवसभर ज्या गोष्टी आपण गादीखाली सरकवतो त्या डोळे मिटले की बाहेर येणारच ना. पद्धत बदलू नकोस, उरलेल्या २३ तास ४० मिनिटांकडे बघ.

शांत_पाणी

+१, भांडण जिंकणारे आम्ही पण, वाचतोय.

निग्रही

सगळं मान्य, पण इतकं गुळमुळीत कशाला? निरोध म्हणजे निरोध. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात सरळ दिलंय, चले वाते चलं चित्तं, वायू हलला की चित्त हलतं, वायू स्थिर तर चित्त स्थिर. कुंभक वाढवा, श्वास रोखायला शिका, मन आपोआप गप्प बसेल, मी सेकंद मोजत वाढवत नेलं आणि मला फरक पडला. उगाच वर्षानुवर्षं मनाला गोंजारत बसण्यात काय अर्थ आहे.

जुनी_वही

@निग्रही, तुम्हाला जमलं, आनंद आहे. पण त्याच अध्यायात थोडं पुढे वाचा. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू हळूहळू वश करावा, नाहीतर साधकालाच मारतो. शनैः शनैः असे शब्द आहेत, घाई करू नका म्हणून. चुकीच्या अभ्यासाने काय होतं त्याची यादीपण दिलीय, उचकी, दमा, खोकला, डोकं, कान, डोळे दुखणं. आणि हे पंधराव्या शतकातला स्वतः हठयोगी असलेला माणूस सांगतोय. तेव्हा धाग्यावर वाचून कोणी सेकंद मोजत श्वास रोखू नये, विशेषतः बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, समोर बसून शिकवणारं कोणी असेल तरच.

आणि निरोध म्हणजे दाबणं असं असतं तर उपाय म्हणून जबरदस्ती सांगितली असती, पण योगसूत्रांच्या पहिल्या पादातल्या बाराव्या सूत्रात उपाय दिलेत अभ्यास आणि वैराग्य. अभ्यासाची व्याख्यापण किती साधी आहे, तिथे टिकून राहायचा प्रयत्न. १४व्या सूत्रात तो पक्का कशाने होतो ते, दीर्घकाल, खंड न पाडता आणि सत्काराने. या तिसऱ्या शब्दावरून आपण उडी मारून जातो. घरी पाहुणा आला की आपण जसे वागतो तसं साधनेशी वागायचं. टायमर लावून स्वतःला शिक्षा केल्यासारखं बसण्यात सत्कार कुठे राहिला?

काठावरची

माझं थोडं वेगळं आहे पण सांगितलंच पाहिजे. मी अशाच ओढीने एका ठिकाणी दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेले होते, रोज तासन् तास बसायचं. सहाव्या दिवसापासून माझी झोप गेली, छातीत धडधड, जुन्या गोष्टी अशा वर आल्या की आवरेना. तिथे सांगितलं तर म्हणाले हे संस्कार (मनावरचे जुने ठसे) बाहेर पडतायत, बसत राहा. मी बसत राहिले. परत आल्यावर महिनाभर डॉक्टरांकडे जावं लागलं. पद्धत वाईट असं मी म्हणणार नाही, माझ्याबरोबरच्या कित्येकांना छान अनुभव आला. पण व्याधी हा त्या नऊ अडथळ्यांतला पहिला आहे हे वर वाचलं आणि वाटलं, बघा, आजारपणाला साधनेचाच भाग समजून सहन करा असं तर कुठे म्हटलेलं नाही. आता मी दहा मिनिटं बसते, डोळे अर्धे उघडे ठेवून, आणि त्रास वाटला तर उठते. कोणाला झोप उडणं, सतत भीती असं काही होत असेल तर आधी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, मन तिथेच आहे, पळून जात नाही (पळून जातं हीच तर तक्रार आहे म्हणा 😄).

दारंधऱ्या

उशिरा आलो. मापाचा प्रश्न राहिलाच की, "प्रगती ओळखायची कशी".

योगसूत्रांच्या चौथ्या पादात तिसरं सूत्र आहे, त्याच्या शेवटी एक शब्द येतो, क्षेत्रिकवत्, म्हणजे शेतकऱ्यासारखं. भाष्यात समजावलंय की शेतकरी एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात ओंजळीने उचलून नेत नाही, मधला बांध फोडतो, पाणी आपलं आपण जातं. सूत्राचा मूळ संदर्भ जन्मांतरातल्या बदलाचा आहे, पण दाखला इथेही चपखल बसतो. ज्याने शेतात दारं धरलंय, म्हणजे वाफ्यांना पाणी दिलंय, त्याला लगेच कळेल. तुम्ही खोऱ्याने पाणी ढकलत नाही, ढकलून ते जातही नाही. दारं मोडायचं, माती बाजूला ओढायची आणि उभं राहून बघायचं. कुठे काडीकचरा अडकला तर काढायचा. पाणी वाफ्याच्या टोकाला पोचायला जितका वेळ लागतो तितका लागतोच, आणि तुम्ही बघताय म्हणून ते जास्त जोरात वाहत नाही.

योगदर्शनाच्या हिशोबात द्रष्टा, म्हणजे आतला बघणारा, वाढतही नाही आणि कमीही होत नाही, त्यामुळे "आध्यात्मिक वाढ" हा शब्दच मला जरा खटकतो. वाढायचं काही नाही, बांध किती फुटले एवढंच. म्हणून २० मिनिटांत काय दिसलं त्यावरून मोजू नका. चिडल्यावर परत जागेवर यायला पूर्वी अर्धा दिवस लागायचा, आता किती लागतो ते बघा, आणि ते तुम्ही नका मोजू, घरच्यांना विचारा. त्यांचा काटा बरोबर असतो.

अर्धी_मांडी

सर्वांचे मनापासून आभार, दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

टायमरचा तो कर्कश आवाज बदलला. निळ्या लाइटची वाट बघणं बंद केलं, म्हणजे बघतो अजून, पण बघतोय हे कळतं. रोखठोक भाऊ, तो फोन केला. फार काही झालं नाही, समोरच्याला ते भांडण नीट आठवतही नव्हतं, आणि मी तीन वर्षं एकटाच लढत होतो. तेव्हापासून ते परत आलेलं नाही, त्याच्या जागी दुसरं आलंय पण लहान आहे.

आज सकाळी परत दार वाजलं. चिडलो, उठलो, दार उघडेपर्यंत चिडलेलाच होतो, मुलगी होती, तिला चार्जर हवा होता. दिला आणि येऊन उरलेली ६ मिनिटं बसलो. बायकोला विचारलं काही फरक वाटतो का, तर म्हणाली दोन आठवड्यात कसला फरक, पण विचारलंस हा फरक आहे.

एक शंका मात्र आहे. हे सगळं इथे टाइप करताना मला जे भारी वाटतंय, की बघा मी कसा सुधारतोय, हे त्या पाच क्लेशांतल्या अस्मितेत, म्हणजे मीपणात, येतं का?

जुनी_वही

हो. बसा आता.