ओपन ॲक्सेसला मराठीत काय म्हणावं? ‘मुक्त प्रवेश’ चालेल का?

दशमान
आमच्या महाविद्यालयात ऑक्टोबरअखेरीस ओपन ॲक्सेस सप्ताह करतात. ग्रंथालयाबाहेरचा फलक मराठीत असावा असा माझा आग्रह, म्हणून ‘मुक्त प्रवेश सप्ताह’ असा मजकूर दिला. फलक लागला आणि पालक कार्यालयात येऊन विचारू लागले, ‘उरलेल्या जागा भरताय का? कुठल्या शाखेच्या?’ प्राचार्यांनी फलक उतरवायला लावला. ‘खुला प्रवेश’ तर त्याहून अवघड, लगेच खुला प्रवर्ग आणि गुणवत्ता यादी डोळ्यांपुढे येते. शोधनिबंध कुणालाही पैसे न भरता वाचता यावेत आणि पुढे वापरता यावेत, एवढा अर्थ दोन शब्दांत हवा आहे. सुचवा.

बोरीबंदर
‘ओपन ॲक्सेस’च लिहा. विद्यार्थी ‘पेपर फ्री आहे का पेड?’ असंच विचारतात. ज्यांच्यासाठी फलक लावायचा त्यांची भाषा ती आहे. टेबल, पेन, मोबाईल मराठी झाले तसा हाही होईल.

तळटीप
बोरीबंदर, इंग्रजी शब्द ठेवला की अर्थ आपोआप पोचतो हे मला पटत नाही. माझी भाची बीएस्सीला आहे. तिला ‘जर्नल’ म्हटलं की प्रात्यक्षिकाची वही आठवते, जिच्यावर सरांची सही घ्यायची असते. शोधपत्रिकेलाही जर्नल म्हणतात हे तिला दुसऱ्या वर्षी कळलं. आणि ‘ओपन’ म्हणाल तर महाराष्ट्रात ‘तू ओपनचा का?’ या प्रश्नाचा अर्थ काय होतो, सांगायला नको. दशमानताईंची अडचण इंग्रजी शब्दानेही सुटत नाही.

घाटमाथा
मला ‘मुक्तद्वार’ सुचतो. आमच्या गावच्या उत्सवाच्या पत्रिकेत शेवटच्या दिवशी ‘मुक्तद्वार’ एवढंच छापलेलं असे. म्हणजे त्या दिवशी जेवणाला आमंत्रण लागत नाही, येईल त्याने पानावर बसावं, जात-गाव कुणी विचारणार नाही. शोधनिबंधाबद्दल आपल्याला नेमकं हेच म्हणायचं आहे. जुना आणि घरचा शब्द पडून असताना नवा कशाला घडवायचा?

मांडवीकाठ
शब्द सुंदर आहे, पण राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘मुक्तद्वार धोरण’ म्हणजे अमेरिकेने १८९९ मध्ये चीनबद्दल मांडलेलं धोरण. चीनच्या बाजारात सगळ्या परक्या सत्तांना सारखी वाट मिळावी, असं ते होतं. चीनला कुणी विचारलं नव्हतं. तो वास या शब्दाला आहे. दुसरं, गोव्यात ‘मुक्त’ म्हटलं की आम्हाला १९ डिसेंबर आठवतो. आधी बंदी, मग मुक्ती. ग्रंथालयाच्या फलकावर तो शब्द मला जड वाटतो.

तळटीप
मला नेमका त्याच कारणासाठी ‘मुक्त’ हवा आहे. शोधनिबंध बंदिवानच असतात. संशोधनाचा पैसा बहुधा जनतेचा, लेखकाला मानधन नाही, दुसऱ्याचा निबंध तपासणारा तज्ज्ञही ते काम फुकट करतो. तरी वाचायचं म्हटलं की प्रकाशकाला पैसे मोजायचे. मराठवाड्याने मुक्तिसंग्राम म्हटलं तेव्हा मुक्त या शब्दात आधीची कैद धरलेली होतीच. इथेही ती धरली जाऊ द्या.

आणि ‘मोफत’वर कुणी जाण्याआधी सांगते, मोफत हा अर्ध्याहूनही कमी अर्थ आहे. बुडापेस्टला डिसेंबर २००१ मध्ये बैठक झाली, फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीरनामा निघाला, तिथे ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्द पक्का झाला. वाचणं, उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं, छापणं, संगणकाकरवी मजकूर चाळून घेणं, सगळं त्यात येतं. आडकाठी पैशाची नको, कायद्याची नको आणि तंत्राचीही नको. लेखकाने हातात काय ठेवायचं? कामाची मोडतोड होऊ नये आणि श्रेय नीट मिळावं, इतकंच.

निंदणी
तळटीप म्हणतात तो फरक मी कामात भोगलाय. शेतकऱ्यांसाठी मराठीत कीडनियंत्रणाची पुस्तिका करत होतो. किडीच्या अवस्थांची एक सुरेख आकृती एका निबंधात सापडली. निबंध वाचायला विनामूल्य होता, पण आकृती छापायला परवानगी हवी, आणि परवानगीला शुल्क. शेवटी दुसऱ्या निबंधातली घेतली. त्याच्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ परवाना होता, म्हणजे श्रेय द्या आणि खुशाल वापरा. श्रेय दिलं, नावं मराठीत केली, छापून मोकळे झालो. दोन्ही निबंध ‘फ्री’च होते. मुक्त एकच होता.

वऱ्हाडी_वाणी
‘मुक्त वावर’ घ्या ना! बिबट्याचा मुक्त वावर असं पेपरात रोज छापतात. आत या, फिरा, कुणी अडवणार नाही. प्रवेश म्हणजे फक्त दारातून आत जाणं, आणि वावर म्हणजे आत गेल्यावरचं सगळं. बुडापेस्टवाल्यांना हेच पाहिजे होतं. आमच्याकडं तर वावर म्हणजे शेत, म्हणून मला तो आणखीच आवडतो. ज्याचं वावर त्याचं पीक.

घाटमाथा
वावर हा ‘व्यवहार’वरून आला असावा असं मला फार दिवस वाटतं. व्यवहार, ववहार, वावर. तसं असेल तर वापरायचा हक्क त्या शब्दाच्या पोटातच आहे.

मांडवीकाठ
ध्वनी जुळले म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, घाटमाथाकाका. मग शेताचा ‘वावर’ कुठून आणायचा? आधार दाखवा, मगच मानू.

बोरीबंदर
बघा, इथेच मराठी शब्दांची गाडी अडते. विद्यार्थ्याला निबंध हवा आहे आणि आपण प्राकृतात शिरलोय. मग ‘गोल्ड’ आणि ‘डायमंड’ या ओपन ॲक्सेसच्या प्रकारांना काय करणार? ‘सुवर्ण मुक्त प्रवेश’ वाचून कुणालाही वाटेल की हा सगळ्यांत उत्तम. त्यात बहुतेक वेळा लेखकाने पैसे भरायचे असतात. ‘हीरक’ म्हटलं की लोक साठ वर्षं मोजतात, कारण आपल्याकडे हीरक फक्त महोत्सवापुढे येतो.

तळटीप
ही तक्रार बरोबर आहे, आणि म्हणूनच रंगांची आणि रत्नांची नावं मराठीत आणूच नयेत. कोण पैसे देतं तेच नावात सांगा. ‘लेखकशुल्क’ पद्धत म्हणजे गोल्ड, ‘निःशुल्क’ पद्धत म्हणजे डायमंड, जिथे वाचक-लेखक कुणीच पैसे भरत नाही, आणि ‘स्वसंग्रह’ पद्धत, म्हणजे लेखकाने आपली प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवणं. लेखकशुल्काचा आकडा एकदा तरी मराठीत मोठ्याने म्हणून बघावा. ‘नेचर’ या शोधपत्रिकेने २०२१ पासून मुक्त निबंधासाठी ९,५०० युरो ठेवले, तेव्हाच्या दराने आठ लाखांहून अधिक रुपये. वाचकाच्या खिशातला हात काढला आणि लेखकाच्या खिशात घातला. ब्राझीलमध्ये ‘सायलो’ हे ऑनलाइन व्यासपीठ १९९८ पासून सार्वजनिक पैशावर शोधपत्रिका मुक्त ठेवतं. तिथे शेकडो पत्रिका आहेत, त्यांतल्या बऱ्याच लेखकाकडून काही घेत नाहीत. तेव्हा दुसरा मार्ग नाही असं कुणी म्हणू नये.

प्रबंधप्रवासी
लेखकशुल्काचा खालचा मजलाही बघा. २०१६ च्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांनुसार पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधपत्रिकेत एक तरी निबंध लागायचा. २०२२ मध्ये ती सक्ती गेली. मी सक्तीच्या काळातली. काही हजार रुपये भरा, आठवड्यात छापतो, असे निरोप सतत यायचे. आमच्यापैकी अनेकांनी भरले, कारण शिष्यवृत्ती संपत आली होती. ते निबंध कुणीही वाचू शकतं, पण कुणी तपासलेले नाहीत. त्यामुळे घरच्यांना ओपन ॲक्सेस म्हणजे पैसे देऊन छापणं असंच वाटतं, आणि ते मला फार लागतं. या भामट्या पत्रिकांना वेगळं ठसठशीत नाव द्या आधी.

निंदणी
‘भामट्या’ नको, कृपया. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. ‘राजपूत भामटा’ राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून ते विमुक्त, पण त्यांचं नाव आपण अजून शिवीसारखं वापरतो. इथे ‘मुक्त’ शब्दावर इतकं बोलतोय, तर हेही ध्यानात असू द्या. ‘लुबाडू पत्रिका’ म्हणा.

प्रबंधप्रवासी
पटलं. ‘लुबाडू’ चांगला आहे.

बोरीबंदर
पण आता सगळ्यांना मिळतंयच ना? ‘वन नेशन वन सब्सक्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या सामायिक वर्गणीच्या योजनेत ३० प्रकाशकांच्या जवळपास १३,००० शोधपत्रिका आल्या. २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी रुपये. मुक्त म्हणा की बंद, विद्यार्थी वाचू शकतो.

दशमान
केंद्राच्या आणि राज्यांच्या सरकारी संस्थांतला विद्यार्थी वाचू शकतो, बोरीबंदर. आमच्या ग्रंथालयात निवृत्त शिक्षक येतात, तालुक्यातले डॉक्टर येतात, निंदणींसारखे पुस्तिका करणारे येतात. ते त्या वर्गणीत नाहीत. ही वर्गणी म्हणजे सरकारने सगळ्यांचं भाडं भरलं, घर मात्र मालकाचंच राहिलं. ग्रंथपाल म्हणून मला तिचा उपयोग आहे, मी ती नाकारणार नाही. पण तिला मुक्त म्हणू लागलो तर उद्या खरं मुक्त मागायला शब्दच उरणार नाही. उलट शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह बघा. यूजीसीने २००९ मध्ये प्रबंध जमा करण्याचा नियम केला, आणि आज कुठल्याही गावातून कुणीही प्रबंध उघडून वाचतो, तो कुठल्या संस्थेचा हे कुणी विचारत नाही.

फलकापुरतं सध्या ‘मुक्त संशोधन सप्ताह’ डोक्यात आहे. प्रवेश शब्दच काढला की पालकांचा घोटाळा मिटतो.

तळटीप
‘मुक्त संशोधन’ नको! त्याचा अर्थ संशोधकावर बंधन नाही असा होईल. ओपन सायन्सला ‘मुक्त विज्ञान’ म्हणायला लागले आहेत, त्याच्याशीही गल्लत होईल. संशोधन मुक्त करायचं नाही, त्याचं वाङ्मय मुक्त करायचंय. ‘मुक्त शोधवाङ्मय’ म्हणा.

वऱ्हाडी_वाणी
‘शोधवाङ्मय’ फलकावर वाचता वाचता सप्ताह संपून जाईल. वावर ठेवा.

मांडवीकाठ
‘वाङ्मय’ म्हटलं की लोकांना कविता-कादंबरी वाटते. आणि ‘मुक्त’ला पर्याय कुणी दिलाच नाही. ‘सर्वांसाठी शोधनिबंध’ असं साधं वाक्यच का नको? सगळं नामात कोंबायचा हट्ट कशासाठी?

घाटमाथा
कारण वाक्याचा कोशात शब्द होत नाही. सावरकरांचा ‘महापौर’ रुजला तो एका शब्दात मावला म्हणून. मुक्तद्वार तसा मावतो.

प्रबंधप्रवासी
स्वसंग्रहाचा विषय निघालाय म्हणून विचारते. माझा एक निबंध स्वीकारला गेलाय, प्रकाशक म्हणतो छापील पान ठेवू नका, तपासणीनंतरचा तुमचा मसुदा ठेवा. त्या मसुद्याला आणि तपासणीआधीच्या प्रीप्रिंटला मराठीत वेगवेगळं काय म्हणता? विद्यापीठाच्या मराठी अर्जात दोन्हींसाठी ‘हस्तलिखित’ छापलंय.

तळटीप
प्रीप्रिंटला ‘मुद्रणपूर्व प्रत’ आणि दुसऱ्याला ‘स्वीकृत मसुदा’.

बोरीबंदर
दोन्ही मुद्रणाच्या पूर्वीच्याच, मग फरक कुठे राहिला? भौतिकशास्त्रवाले आधी प्रीप्रिंट टपालाने वाटत, १९९१ पासून ‘अर्काइव्ह’ या ऑनलाइन संग्रहात ठेवतात, त्यांतल्या कित्येकांना मुद्रण कधी लाभतच नाही. ‘प्रीप्रिंट’च ठेवा.

घाटमाथा
‘कच्चा खर्डा’ आणि ‘पक्का खर्डा’. दप्तरातले शब्द आहेत, सगळ्यांना कळतात.

प्रबंधप्रवासी
पक्का खर्डा आवडला. पण अर्जाच्या रकान्यात तो लिहिला तर विद्यापीठ घेईल का?