बेळगावात पायी फिरवण्यासारखी जुनी गल्ली कुठली? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पणजीला गेलो होतो. परतीच्या बसला दोन तास होते, म्हणून स्टँडवरनं खाडीचा पूल ओलांडला आणि फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत शिरलो. पिवळी, निळी, तांबडी कौलारू घरं, इवल्या बाल्कन्या, आत पांढरंशुभ्र सेंट सेबास्टियन चॅपेल. चोर्ला घाटातनं इतक्यांदा गोव्याला गेलो, पण ही गल्ली कधी दिसलीच नव्हती!

आता तिथला मित्र बायको आणि आईला घेऊन बेळगावला येतोय. 'तुमच्याकडची अशी गल्ली दाखव' म्हणाला आणि मी अडकलो. गणपत गल्लीत आपण जातो ते सामान आणायला, मान वर करून घरं कोण बघतंय? किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, दाखवणारच, पण ती काही गल्ली नव्हे. शहापूरचा खडे बाजार मनात आहे. साड्या बघून वहिनी तरी खूश होतील.

लाकडी खांबांची, सोप्याची जुनी घरं सलग कुठं उरलीत? शहापूर, वडगाव की अनगोळ? काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळं अर्ध्या तासात होणारी वाट हवी. गाडी कुठं लावायची तेही सांगा की. मिठाईत कुंदा कुठला चांगला ते मात्र नको, त्यावरनं भांडणं होतात.