मदत हवी आहे: वाचनालयाच्या ६ लिनक्स मशिनसाठी कोणतं हार्डवेअर घ्यावं?

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांची देवघेव कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरवर होते. त्याचा सर्व्हर डेबियन या लिनक्सवर आहे आणि त्याची काहीच तक्रार नाही. अडचण काउंटर आणि कार्यालयातल्या मशिनची आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमची चौथ्या पिढीची आय३ मशिनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. त्यातल्या दोघांना एसएसडी आणि ८ जीबी रॅम टाकून डेबियन घातलं. वाचकांना कॅटलॉग शोधायला ती छान चालतात. आता ६ मशिन नवी घ्यायची आहेत, सगळी एकसारखी, आणि पुढची सहा-सात वर्षं ती बदलायची वेळ येऊ नये.

असेंबल्ड मशिनच्या कोटेशनमध्ये 'आय३ १२वी पिढी, एच६१० बोर्ड, ८ जीबी, ५१२ एसएसडी, लॅन, वायफाय' एवढंच लिहिलंय. लिनक्सचं सगळं आतल्या चिपवर ठरतं आणि नेमकं तेच कुठे नाही. मागच्या वर्षी याचा फटका बसलाय. चार वायफाय डोंगल आणले, कंपनी एक, मॉडेल नंबर एक. दोन लावल्या लावल्या चालले, दोघांना नेटवर्कच सापडेना. दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसले. शेवटी खोकी शेजारी-शेजारी मांडली तेव्हा दिसलं: बारकोडच्या स्टिकरवर बारीक अक्षरात दोघांवर व्ही१, दोघांवर व्ही२. आतली चिपच बदललेली. दुकानदारालाही ते माहीत नव्हतं.

दुसरा पर्याय म्हणजे रिफर्बिश्ड ब्रँडेड डेस्कटॉप, दहाव्या पिढीचे, जवळपास निम्म्या किमतीत. त्यातलं सगळं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ओळखीचं असणार. पण त्या छोट्या डब्यातला एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) वेगळ्याच मापाचा असतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून चारदा जाते. एसएमपीएस उडाला तर गावात मिळणार नाही. असेंबल्डचा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तुम्ही काय घेतलं असतं?

प्रिंटरचंही सांगा. जुना लेझर फक्त स्वतःच्या कंपनीच्या ड्रायव्हरशी बोलतो, तो सोडूनच द्यायचाय. बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखा चालतो, त्याचा प्रश्न नाही. हो, दुकानदार प्रत्येक मशिनला छोटं ग्राफिक्स कार्ड फुकट देतोय. मला ते नकोय, ऑनबोर्ड इंटेल पुरेसं आहे. २० तारखेला कार्यकारी मंडळाची बैठक आहे.

प्रतिसाद:

ताई, तुमची लाईट बघता असेंबल्डच घ्या. काउंटरवरची मशिनं जागची हलत नाहीत, तेव्हा वायफाय यादीतून काढा आणि केबल ओढून घ्या. एच६१० च्या बऱ्याच बोर्डांवर रिअलटेकची साधी गिगाबिट चिप असते, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं आहे. तरी बोर्डाचं पूर्ण नाव रिव्हिजनसकट लिहून मागा. सहाच्या सहा एकदम उचलू नका. आधी एक आणा, डेबियन १३ च्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवर आठवडाभर काउंटरचं काम करा, 'lspci -k' ही कमांड देऊन प्रत्येक चिपखाली ड्रायव्हरचं नाव येतंय का बघा. इन्स्टॉल करताना एसएसडी दिसली नाही तर बायोसमध्ये व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची सेटिंग बंद करा. प्रिंटर नेटवर्कवाला आणि एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापायची सोय) लिहिलेला घ्या, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एक शंका. ग्राफिक्स कार्ड फुकट का देतोय? प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी 'एफ' आहे का बघा. एफवाल्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स नसतंच, कार्ड काढलं की पडदा काळा. फुकटचं कार्ड बरेचदा जुनं असतं, आणि त्याला कंपनीचा स्वतःचा, सोर्स खुला नसलेला ड्रायव्हर लागला तर कर्नल बदलला की तो कधी ना कधी रुसतो.

धागाकर्ती:

मनापासून धन्यवाद. आत्ताच दुकानात फोन केला. १२१००एफ आहे. एफ नसलेल्याचं नवं कोटेशन मागितलंय, बोर्डाच्या रिव्हिजनसकट. आधी एकच मशिन आणते, आठवड्याने इथेच लिहीन.